ताई दिसली की

ताईने दाराशी चपला काढून आत पाऊल टाकलं, आणि टेबलाशी जेवत बसलेली धाकटी बहीण बारकी तोंड दाबून न्हाणीघराकडे पळाली. मागोमाग तो आवाज आला. ताईला तो पाठ होता. पहिले दोन उमाळे कोरडे, तिसऱ्याला सगळं बाहेर. समोर बसलेला मधला भाऊ, घरात सगळ्यांचा दादा, चमचा हातात धरून तसाच बसून राहिला.

"आत्तापर्यंत मस्त जेवत होती," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण लागायचं ते लागलंच.

बारकीची शेवटची केमो होऊन तीन महिने झाले होते. तपासण्या स्वच्छ आल्या होत्या, बोटभर केस उगवले होते. परवा तर शाळेत बरोबर शिकवणाऱ्या बायांसोबत हॉटेलात जाऊन तिने चांगला आडवा हात मारला होता. फक्त ताई दिसली की तिच्या पोटात ढवळून यायचं.

आणि हे यावं कुणाच्या वाट्याला? आठही केमोंना उशाशी बसलं कोण? दादा दोनदा आला, दोन्ही वेळा सफरचंदं घेऊन, आणि अर्ध्या तासात निघाला. ताई मात्र आपली खोली बंद करून केमो संपेपर्यंत बारकीकडे राहायला आली. लॉन्ड्रीत पहाटेची पाळी मागून घेतली. सहा तास वाफेत उभी राहून बाराच्या ठोक्याला दवाखान्यात हजर. बारकीचं तोंड आलं तेव्हा फडक्यात बर्फ ठेचून एकेक खडा जिभेवर ठेवला. बोटं बधीर झाली तेव्हा गुंड्या लावल्या. बादल्या किती धुतल्या त्याला गणती नाही. "तुझं ते तोंड घेऊन जा इथून," असं बारकी खेकसायची, आणि ताई "बरं" म्हणून उशीची थंड बाजू वर करायची.

बारकी बाहेर आली ती भिंतीकडे तोंड करूनच उभी राहिली.

"साबण बदललाय मी," ताई म्हणाली. "लॉन्ड्रीतून थेट नाही आले. अंघोळ केली, कपडेसुद्धा नवे घातलेत."

"वासाचं नाहीये ते, ताई. तुझंच आहे."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, तुझ्या पोटाला सध्या मी आणि औषध एकच वाटतं म्हणून. जाईल म्हणाल्या."

"काहींचं जातं, म्हणाल्या." बारकीने भिंतीवरचा रंगाचा पोपडा नखाने उचकटला. "मी काय कमी समजावते का स्वतःला? नुसती तुझी आठवण आली तरी मळमळतं. रागावू नकोस, पण तू येत जाऊ नकोस. फोनही नको. मला जगायचंय गं आता."

ताईने चपला घातल्या. डाव्या पायातली उजव्यात गेली होती, हे तिला खाली रस्त्यावर आल्यावर समजलं.

अकरा महिने ती तिकडे फिरकली नाही. खबर दादाकडून यायची. बारकीचं वजन वाढलं, बारकी पुन्हा शाळेत शिकवायला लागली, बारकी पोरांची सहल घेऊन डोंगरावर गेली. दादा आता दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचा.

"माझ्यासोबत तिला बरं वाटतं," तो सांगायचा.

"वाटणारच," ताई म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर घरातली धुतलेली भांडी पुन्हा घासायची.

एकदा बाजारात बारकी लांबून दिसली. कुणाशी तरी बोलत खदाखदा हसत होती. ताई चटकन खांबाआड झाली. काय ही वेळ, सख्ख्या बहिणीला तोंड दाखवायची चोरी. एवढी हसते तरी कशी, असं तिच्या मनात आलं. त्यापुढे जे आलं त्याची तिची तिलाच शिसारी आली. भाजी न घेताच ती घरी परतली.

मग एका मंगळवारी, चादरी यंत्राखाली सरकवत असताना, फोन वाजला. बारकी होती.

"ताई, परत आलंय. या वेळी यकृतात. सोमवारपासून केमो."

ताईने यंत्राचा खटका बंद केला. वाफ फुसफुसत निघून गेली.

"दादाला कळवलंस?"

"कळवलं. यायला निघालाच होता, मीच नको म्हटलं. आपल्या घरातला एकच माणूस उरलाय ज्याच्यासोबत मला घास गिळवतो. तो एकदा त्या खोलीत बसला की तोही गेला. तू ये. तू तर आधीच वाया गेलीयस."

"किती वाजता?"

"नऊला. येशील ना?"

"आठलाच येते," ताई म्हणाली.

फोन ठेवून तिने खटका चालू केला. पुढची चादर चारही कोपरे जुळवून अशी झोकात अंथरली की पलीकडच्या यंत्रावरची बाई बघतच राहिली.

"काय गं," ती म्हणाली, "एवढी कसली खूशखबर?"

"बहिणीने बोलावलंय," ताई म्हणाली.