अळणीचा नेम

प्रयागबाईनं तोंडात घेतलेला घोट गिळला नाही. तो तसाच गालात धरून ती विहिरीच्या काठावरून उठली, कुंपणापाशी गेली आणि चूळ टाकून दिली. पदराच्या शेवानं ओठ पुसून तिनं कळशीत पुन्हा ओंजळ बुडवली, पुन्हा चव घेतली. तीच. पुसट, पण जिभेच्या कडेला चिकटून राहणारी खारट चव.

आषाढातल्या एकादशीपासून तिनं अळणीचा नेम धरला होता. चार महिने मिठाचा कण जिभेला लावायचा नाही. भाकरी दुधात कुस्करायची, नाहीतर गुळाच्या खड्याशी खायची. त्यातले अडीच महिने सरले होते, घट बसायला आता आठ दिवस उरले होते आणि इतक्या वर्षांत तिचा एकही नेम मोडला नव्हता. पण रोज आंघोळ करून शेंदलेल्या पाण्यातूनच मीठ पोटात जात असेल, तर? देवाला काय सांगायचं? कळलं नाही म्हणून?

"आक्का, पानी चाखताय का मोजताय?" छबूबाई दारातून म्हणाली. ही तिची धाकटी जाऊ. नवरा दौंडला रेल्वेत, त्यामुळं हिचा सगळा जीव घरातल्या चुलीत आणि दुसऱ्याच्या चुका काढण्यात.

"छबू, तू जरा बघ गं. खारं लागतंय का?"

छबूबाईनं घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. "कशाचं खारं? पान्यासारखं पानी. मिठावाचून तुमची जीभच बिघडली. लोकाच्या हिरी आटत्यात आन् आपली वर येतीया. पोराटोरानं सहज पोहरा वढावा येवढी. आन् तुमी खोडी काढताय."

विहीर वर आली होती हे खरंच. लग्न होऊन प्रयागबाई वडगावला आली तेव्हा पोहऱ्याला बारा हात दोर लागायचा. आता पाचात भरायचा. तिचं माहेर इंदापूरच्याही पलीकडं, कोरडवाहू रानातलं. तिथं आंघोळीचं पाणी दोडक्याच्या वेलाला आणि भांड्यांचं धुवण गुरांना. सासरी येताना पहिल्यांदा पाट भरून वाहताना दिसला, तेव्हा तिनं गाडीतून उतरून पाण्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. त्या पाण्याविषयी वेडंवाकडं मनात आणणंसुद्धा तिला पाप वाटत होतं.

पण जीव थाऱ्यावर येईना. माळ हातात घेतली तर मणी पुढं सरकायचे आणि नाम मागं राहायचं. शेवटी माळ खुंटीला अडकवून ती परसात गेली, मागची चूल पेटवली आणि हंडाभर पाणी वर चढवलं.

"ह्ये काय नवीन?" छबूबाई धावत आली. "आधीच डाळ शिजता शिजंना. दुप्पट जळण खातीया. म्या म्हणलं तूरच तुमच्या माहेरची, दगडाची. आन् तुमी नुसतं पानी उकळताय? गोवऱ्या काय आभाळातून पडत्यात?"

डाळीचं नाव निघालं तशी प्रयागबाई थबकली. डाळ शिजत नव्हती ती गेल्या वर्षापासून. तूर मात्र दर वर्षी त्याच रानातली होती.

पाणी आटत गेलं तसं तिनं हंड्यातलं पातेल्यात ओतलं, पातेल्यातलं वाटीत. दुपार कलली. वाटीच्या तळाला पांढरट पापुद्रा धरला. चमच्यानं खरवडला तर चिमटीत मावेना एवढा निघाला. तिनं तो जिभेला लावला नाही. ते धाडस झालं नाही. वाटी पदराखाली झाकून ती रानाची वाट चालू लागली.

त्यांचं रान दोन तुकड्यांत होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला तीन एकर, ज्वारीचं. घर त्यावर खायचं. खालच्या अंगाला पाटाखालचा ऊस. या उसानं चार वर्षं चांगला गूळ दिला होता. पुढं कारखाना निघणार म्हणून सगळा गाव ऊस वाढवायच्या मागं लागला होता. तिचा नवरा सर्जेराव उद्या पाटाच्या बंगल्यावर, कालव्याच्या कचेरीत, जाऊन वरच्या तीन एकरांसाठीही पाणी मागणार होता. अर्ज लिहून तयार होता; कारकुनापुढं सही तेवढी राहिली होती.

खालच्या कोपऱ्यातल्या उसाची पानं पिवळी पडली होती. सरीत कालचं पाणी अजून उभं होतं, आणि वाळल्या जागी पापडखार भुरभुरावा तशी माती पांढरी झाली होती. शेजारच्या बांधावर तात्याबा बसले होते. म्हाताऱ्याचं रान म्हणजे नुसता लव्हाळा आणि मधे मधे पांढरी भेगाळ जमीन. दहा वर्षांत त्यात कुणी नांगर घातला नव्हता.

प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि वाटी दाखवली. "तात्या, ह्ये आमच्या हिरीतलं."

तात्याबांनी बोटानं चाखलं आणि ते थुंकले. "सूनबाई, माझीबी हीर आधी वरच आली व्हती," ते म्हणाले. "म्या पेढं वाटलं. गावभर."

"मग?"

"मग काय? पानी देतच ऱ्हायलो. वरनं दिलेलं पानी खाली साचतं, आन् खालचं मीठ वर यतं. मला कुनी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर म्या ऐकलं असतं असंबी न्हाय म्हना." म्हातारा हसला, आणि मग हसता हसता थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव स्वच्छ धोतर नेसून, पटका बांधून जेवायला बसला. अर्जाची घडी त्याच्या बंडीच्या खिशातून डोकावत होती. प्रयागबाईनं ताट मांडलं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. ताटाच्या डाव्या कडेला मीठ वाढायचं तिथं तिनं वाटीतलं खरवडलेलं वाढलं. थोडं ताटाबाहेर सांडलं.

सर्जेरावानं कांदा फोडून त्यात टेकवला. घास तोंडातच राहिला.

"मीठ कसलं ह्ये? कडू लागतंय."

"आपल्या हिरीचं हाय. काल हंडाभर पानी आटवलं."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं, नाहीतर हसेल. त्यानं घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि दुसरा तुकडा मोडला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

चुलीपाशी छबूबाई भाकरी थापायची थांबली.

"गेल्या उन्हाळ्यापास्नं ठावं हाय. ढवळा बैल खालचा बांध चाटतोय. सारखा. दावं तोडून तिथं जातोय." त्यानं ताटातून नजर वर केली नाही. "खालचं रान दोन-तीन वर्सांचं सोबती. म्हणून तर वरचं उसाला लावायचं. सहा वर्सं गूळ नाहीतर कारखान्याला ऊस. तेवढ्यात काय करायचं ते करून घ्यायचं. पुढं जाईना का."

"जाईना का?"

"मग काय करू? सांग की. सगळी लावत्यात. आपुन एकट्यानं हात बांधून बसायचं?"

प्रयागबाई आयुष्यात नवऱ्याला उलटून बोलली नव्हती. आताही आवाज चढला नाही. भाजीचं भांडं तिनं जवळ ओढलं, पळी उचलली, पण वाढलं नाही.

"वरचं गेल्यावर खायाचं काय?"

"जवारी इकत घेऊ. बारामतीच्या बाजारात काय कमी हाय?"

"आन् पानी?"

सर्जेरावानं तांब्याकडं पाहिलं. विहीर वरच्या रानाच्या पायथ्याशीच होती. तिथं मुरेल ते सगळं तिच्यात उतरणार होतं, हे त्याला तिनं सांगायची गरज नव्हती. त्यानं हात धुतला. अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. जोडा घालताना त्याचा पाय दोनदा चुकला, आणि तो निघून गेला.

ती सकाळ सरता सरेना. प्रयागबाईनं अंगण दोनदा लोटलं. महादेवाला पाणी घालायला निघाली आणि भरलेला तांब्या हातात घेऊन देवळाच्या पायरीवर उभी राहिली. हेच पाणी पिंडीवर ओतायचं? शेवटी ओतलं. देवाचा तर काही अळणीचा नेम नव्हता. परत येताना बंगल्याच्या वाटेकडं तिनं तीनदा मागं वळून पाहिलं. वाटेवर फक्त धुरळा.

"आक्का, बसा की कुठंतरी," छबूबाई म्हणाली. आज तिच्या बोलण्यात काटा नव्हता. तिनंच कळशीतलं पाणी दोनदा चाखून पाहिलं होतं, हे प्रयागबाईनं पाहिलं होतं.

सर्जेराव परतला तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. त्यानं पाय धुतले, पटका खुंटीला लावला. खिसा रिकामा होता. ते प्रयागबाईनं पाहिलं. सही झाली तर. ती आत वळली.

"शाळू जवारीचं बी कुठं ठिवलंय?"

ती दारातच थांबली. "कणगीत हाय. राख लावून ठिवलंय."

"आण. हस्त लागलाय. वरच्या रानात वापसा हाय, पेरण्याजोगी वल हाय, तवर पेरून घ्यावं."

तिनं सूप आणलं, बी ओतलं. तो समोर येऊन बसला आणि राखेतले खडे वेचू लागला. बाईमाणसाचं काम त्याच्या बोटांना जमत नव्हतं. खड्याबरोबर दोन दाणेही उडायचे.

"अर्ज?" तिनं विचारलं.

"फाडला. कारकून हसाया लागला. म्हणला, पानी नगं म्हणणारा गडी पयल्यांदाच बघतोय. कारण काय लिहू?"

"मग तुमी काय सांगितलं?"

"काय सांगायचं? म्हणलं, घरात बाईचा नेम हाय."

आत छबूबाई फिसकन हसली. प्रयागबाईला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. ती सूप पाखडत राहिली. राख उडून दोघांच्या हातांवर बसत होती.

"खालच्या रानाचं पानी वढ्याला काढून दिलं तर वाचंल म्हणत्यात," थोड्या वेळानं तो म्हणाला, तिच्याकडं न बघता. "मधनं चर मारावा लागंल. उभ्या उसातल्या दोन सऱ्या मोडाव्या लागतील."

दोन सऱ्यांनी भागणार नव्हतं. काल बांधावर उभी असताना तिनं पिवळ्या पानांची रांग नजरेनं कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंत नेली होती. पाच तरी मोडाव्या लागणार होत्या, कदाचित सहा. प्रयागबाईनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि आज दोनच सऱ्या पुरेत, पाचांचं उद्या सांगू, असं मनाशी ठरवलं.