चारदा फासावर गेलेली

हसू नका, पण मी वाळूची गोणी बोलतेय आणि आजवर चार वेळा फासावर गेलेय. माझा गुन्हा एवढाच, की माझं वजन माणसाइतकं भरतं.

माझा जन्म तुरुंगाच्या शिवणखोलीतला. तिथले मास्तर स्वतःच जन्मठेपेचे कैदी. जाड कापडावर दुहेरी टीप घालताना त्यांनी विचारलं, "साहेब, यात काय भरायचं?"

"वाळू."

मास्तरांचा हात थांबला.

माणसाला फाशी द्यायच्या आधी त्याच्या वजनाची गोणी लटकवून पाहतात. दोर टिकतो का, पायाखालची फळी उघडते का, सगळं तपासतात. तालीम धड झाल्याशिवाय फाशी नाही, असा इथला नियम. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मला नव्या सुनेसारखं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लगेच कामाला जुंपलं. पहिल्या तिघांच्या वेळी मी निमूट लटकले. साहेब म्हणाले, "उत्तम!" त्या शब्दाची मला अजून शिसारी येते.

चौथा होता गवंडी. खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला. दर आठवड्याला त्याला काट्यावर उभं करायचे आणि तेवढीच वाळू माझ्यात भरायचे. तो जेवेनासा झाला की माझ्यातली वाळू काढायचे. वॉर्डन वैतागायचा, "अरे, नीट जेवत जा! आमचं माप चुकतं."

एकदा काट्यावरून उतरताना गवंड्याने मला सहज हात लावला. "साहेब, वाळू ओली आहे. सुकली की चार-पाच किलो उतरेल."

"आता तू आम्हाला वाळू शिकव!"

"जन्म वाळूत गेला, साहेब. ओल्या वाळूचं माप खोटं."

साहेबांनी शहाणपणा केला. वाळू सुकवायची सोडून वरून आणखी पाच किलो ओलीच भरायला लावली आणि महिनाभर मला कोपऱ्यात टेकवून ठेवलं.

भेटीची खिडकी शेजारीच होती. गवंड्याच्या धाकट्या बहिणीला हे कळलं तेव्हा ती कडाडली, "दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? फासाची चूक कुणी दुरुस्त करून देतं का?"

"सवय गं. डोळ्याला दिसतं, तोंडातून निघून जातं."

"तोंड आवर जरा. तुझ्याविरुद्ध बोललेला तो साक्षीदार आता खरं सांगायला तयार झालाय. सुनावणी सोमवारी आहे, आणि तुझी तारीख त्याच्या आधीच्या शुक्रवारी!"

"मग सोमवार अलीकडे घ्यायला सांग त्यांना."

ती खुदकन हसली, आणि तिचं हसू मध्येच रडण्यात बुडालं.

मंगळवारी तालीम झाली. दोर अडकवला, डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, साहेबांनी मान हलवली. फळी उघडली. मी खाली गेले आणि कमरेपासून फाटले. सगळी वाळू खाली उभ्या असलेल्या साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर! लोक म्हणतात, ओलीने टीप कुजली. म्हणोत बापडे. मी सांगते, मी सोडलं. मुद्दाम सोडलं.

"दुसरी गोणी शिवा, आत्ताच्या आत्ता!" साहेब ओरडले.

मास्तरांनी चष्मा पुसला. "आठ दिवस तरी लागतील, साहेब. दुहेरी टीप आहे."

मला त्यांनी एका दुपारी शिवलं होतं.

शुक्रवार तसाच गेला. सोमवारी साक्षीदार बोलला आणि खटला नव्याने चालवायचा हुकूम निघाला. गवंडी सुटेल की नाही, मला ठाऊक नाही. पण आज तो जेवतो, आणि त्याचं वजन कुणी करत नाही.

आणि त्याने खरंच खून केला असेल तर? तर ठेवा कोंडून! भिंती भक्कम आहेत तुमच्या. पण रागाच्या भरात मारणाऱ्याला तुम्ही खुनी म्हणता. मग वजन करून, माप घेऊन, तालीम करून मारणाऱ्याला काय म्हणायचं? ते आधीचे तिघे खरे की खोटे, हे आता कुठल्या सोमवारी कळणार?

सध्या मी शिवणखोलीच्या फळीवर रिकामी पडलेय. साहेबांनी मला ठिगळ लावायला सांगितलंय. लावा. भरा. पुन्हा लटकवा. एकच सांगून ठेवते: बूट जुने घालून या.