अर्धा ऐकलेला कायदा

बैलबंडीच्या लाकडी उभारीचा पहिला फटका गजेंद्रच्या मनगटावर बसला आणि त्याच्या हातातली कुऱ्हाड उडून वांग्याच्या ओळीत पडली. तिथंच सगळं थांबायला हवं होतं. दिपाली पाटातलं पाणी तुडवत धावत येत होती. तिला कुऱ्हाड पडलेली स्पष्ट दिसली आणि क्षणभर हायसंही वाटलं. पण तिच्या नवऱ्याला, योगेंद्रला, थांबायचं नव्हतं.

दुसरा फटका गुडघ्यावर बसला. गजेंद्र आडवा झाला. एवढा धिप्पाड माणूस, पण लहान पोरासारखे दोन्ही हात वर धरून म्हणायला लागला, "बस्स बापा, योगेंद्र, बस्स झालं!" तिसरा फटका त्या हातांच्या मधून थेट जबड्यावर गेला. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर गजेंद्रच्या तोंडातून शब्द आलाच नाही, नुसतं रक्त आलं.

"सोडा! अवो सोडा त्यायले! खाली पडले ना ते!" दिपालीनं मागून नवऱ्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं मागे न पाहता कोपर हाणलं. ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आपटली आणि उजवा हात अंगाखाली दुमडला.

"काई होत नाई!" योगेंद्र ओरडत होता. एकेका शब्दाबरोबर उभारी वर जात होती आणि खाली येत होती. "बचाव होय हा! गुन्हा नाई होत! बचाव होय!"

ते शब्द दिपालीचे होते. तिनंच ते त्याला वाचून दाखवले होते.

आता गजेंद्रची कड घ्यावी, असं त्याच्यात काही नव्हतं. योगेंद्रचा हा चुलतभाऊ. समुद्रपूरहून गिरडकडे जाणाऱ्या रस्त्याला दोघांची वावरं लागून होती आणि मधला धुरा दरवर्षी नांगरटीत थोडा थोडा योगेंद्रच्या अंगावर सरकत होता. विचारलं तर गजेंद्र म्हणायचा, "धुरा तिथंच हाये, तुमची नजर हालली." त्या सकाळी तर त्यानं ट्रॅक्टर लावून सगळा धुराच फाडायला काढला. योगेंद्रचा म्हातारा बाप, तानबा, ट्रॅक्टरच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. गजेंद्र खाली उतरला, सीटमागची कुऱ्हाड काढली आणि तिचा दांडा सख्ख्या काकाच्या डोक्यात घातला. म्हातारा तोंडावर पडला. मग योगेंद्रनं बैलबंडीची उभारी उपसली. त्या पहिल्या फटक्यापर्यंत जगातला कोणताही माणूस त्याला नाव ठेवणार नाही. दिपालीही ठेवत नव्हती.

खरं तर कायद्याचं खूळ योगेंद्रचंच. दिपाली बी.ए. झालेली. धुऱ्याच्या मोजणीसाठी तहसीलात खेटे घालून घालून तिला कागद कळायला लागले, तसं यानंच टुमणं लावलं, "तू वकीलच होय ना. मंग पाहतो कोण धुरा कोरते ते!" लॉच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक त्यानंच वर्ध्याहून आणलं आणि गावभर सांगून ठेवलं की आमच्या घरी वकील तयार होऊन राह्यली. बायको शिकते म्हणून मिरवणारा नवरा त्या गावात तो एकटाच असेल. दिपालीला त्याचा फार अभिमान होता.

अभ्यास व्हायचा तो दुपारी, मांडवाखाली. बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या असत. मांडीवर पुस्तक, हातात सुतळी. आधी एक नियम दिलेला, मग एक घडलेली गोष्ट, आणि त्या गोष्टीला नियम लावून चारातून एक उत्तर निवडायचं. दिपाली वाचायची, योगेंद्र निकाल द्यायचा. त्याचा निकाल बहुधा एकच असे.

"हाणा लेकाले!"

"अवो, असा पर्यायच नाई इथी!"

"मंग पुस्तकच चुकलं."

अशी त्यांची हसून पुरेवाट व्हायची. त्या दिवशी तिनं वाचलं होतं, "स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा मालमत्तेच्या बचावासाठी केलेला बळाचा वापर हा गुन्हा ठरत नाही." योगेंद्रचा हात जुडीवर थांबला. "काय म्हणतं? पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचलं. "म्हणजे हाणलं तरी चालते! पाह्य, मी काय म्हणत होतो?" तेवढ्यात विहिरीवरचा दिवा लागला. लाइन आली होती. लाइन आली म्हटल्यावर त्या भागातला माणूस ताटावरून उठतो, मग पुस्तकावरून उठणारच. तो मोटर चालू करायला पळाला. नियमाचा पुढचा भाग दिपालीनं रिकाम्या मांडवात वाचला. बळ गरजेपेक्षा जास्त नसावं आणि धोका संपला की हक्कही संपला. परत आल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं होतं. तो आला तो ओला होऊन, पाइप फुटला म्हणून शिव्या घालत. मग सांगायचं राहूनच गेलं.

गजेंद्रला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. जबडा तारांनी बांधला, गुडघ्याची वाटी गेली आणि एक डोळा उघडेचना. इकडं त्याच्या साळ्यांनी येऊन योगेंद्रच्या घरावर दगड घातले, छपराचे कवेलू फोडले, गोठ्यातल्या गाईचं शिंग मोडलं. पोलीस योगेंद्रला घेऊन गेले. तानबाच्या डोक्याला टाके पडले.

मारताना पाहणारी दिपाली एकटीच होती. गजेंद्रला बोलता येत नव्हतं आणि त्याची बायको जया धावत आली ती सगळं संपल्यावर. हिंगणघाटहून रत्नदीप वकील घरी आले. त्यांनी चहा घेतला आणि समजावून सांगितलं.

"वहिनी, लंबं-चौडं काई सांगाचं नाई. शेवटपर्यंत कुऱ्हाड त्याच्या हातात होती, एवढंच. तुम्ही तर लॉ करून राह्यल्या, तुम्हाले काय सांगाव?"

तिला खरंच काही सांगायची गरज नव्हती. दोन वाक्यं उलटी केली की नवरा सुटत होता. त्या रात्री तिनं ते खोटं मनाशी म्हणून पाहिलं. सोपं होतं. पण दरवेळी तिला योगेंद्रचा आवाज ऐकू यायचा, बचाव होय हा, बचाव होय, आणि त्या आवाजातली खुशी. हो, खुशीच होती ती. आपल्या तोंडून निघालेल्या वाक्यानं एका माणसाचा चेंदा झाला, आणि आता त्याच वाक्याचा आडोसा करून आपण वकील व्हायचं? तिला नवऱ्याची भीती वाटली, कीव आली, आणि तो घरी यावा असंही फार वाटलं.

ठाण्यात जमादारानं विचारलं, "कुऱ्हाड कुठी होती?"

"पहिल्या फटक्यालेच पडली."

"मंग?"

"मंग ते मारतच राह्यले. भाऊजी हात वर करून बस्स म्हणून राह्यले होते."

तिनं तानबाच्या डोक्यातला दांडा सांगितला, फाडलेला धुरा सांगितला, काही वगळलं नाही. पण घरी पोचायच्या आत गावात बातमी एवढीच पोचली की बायकोनं नवऱ्याला अडकवलं.

सासू, शकुंतलाबाई, अंगणातच उभी होती. तिनं पहिली थप्पड तोंडावर मारली, मग केस धरून दिपालीला विहिरीच्या ओट्यापर्यंत ओढत नेलं. "खाल्लं माह्या पोराले! तुले शिकवाले त्यानं जीव टाकला, अन् तू त्यालेच गिळलं! वकीलीण!" पाठीत, मानेवर, दुखऱ्या हातावर, जिथं बसेल तिथं ती मारत होती. शेजारणी दारात उभ्या होत्या, पण कोणी पुढं आलं नाही. तानबा खाटेवर डोकं बांधून बसला होता. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. दिपालीनं एकदाही उलटा हात उचलला नाही. शेवटी म्हातारी दमली आणि तिथंच ओट्यावर बसून हंबरडा फोडून रडली.

त्या घरात दिपालीशी नंतर कोणी बोललं नाही. ती स्वयंपाक करायची, वावरात जायची, आणि दुपारी मांडवाखाली एकटीच मनात वाचायची. माहेरचे म्हणाले, निघून ये. ती गेली नाही. जाण्यासारखं काय केलं आपण, हे तिला कळत नव्हतं.

परीक्षा वर्ध्याला होती आणि त्याच दिवशी हिंगणघाटला योगेंद्रच्या जामिनावर सुनावणी होती. सकाळी तानबा एकटा कोर्टाच्या वाटेला लागला. दिपालीनं वर्ध्याची बस धरली. संगणकापुढं बसून सुजलेल्या हातानं माउस हलवताना मनगटातून कळा येत होत्या. पेपरात बचावावर प्रश्न आलाच नाही. भाड्यानं घेतलेली गाय, हरवलेली अंगठी, करार मोडणारा सुतार असले प्रश्न होते. तिनं ते सोडवले. बरे गेले.

फाटकाबाहेर आली तर कडुनिंबाखाली तानबा बसलेला. डोक्याला पट्टी, पायात धुळीनं भरलेल्या चपला.

"मामाजी? तुमी इथी?"

"सांज होते. एकटी कशी येशीन?"

"कोर्टात काय झालं?"

"तारीख भेटली पुढची." म्हाताऱ्यानं चपलेवरची धूळ झटकली. "तुले पाहून राह्यला होता तो. इचारलं, आली नाई काय म्हणून. म्या म्हटलं, पेपर हाये तिचा."

"मंग?"

"मंग काई नाई. मान फिरवली अन् पोलिसायच्या गाडीत जाऊन बसला."

दोघं स्टँडकडे चालू लागली. तानबा पुढं, ती चार पावलं मागं. बस लागलेली होती. तानबा खिडकीशी बसला. ती रिवाजाप्रमाणं मागच्या बाकाकडे वळली, तेव्हा त्यानं धोतराचा सोगा आवरून शेजारची जागा मोकळी केली. सासऱ्याच्या बरोबरीनं सून बसत नाही. ती थोडा वेळ दांडी धरून उभी राहिली आणि मग बसली.

बस वर्ध्याबाहेर पडल्यावर तानबा खिडकीकडं तोंड करूनच बोलला. "माह्या जबाबात म्या सांगतलं, कुऱ्हाड गजूच्या हातात होती म्हून."

"माहीत हाये मामाजी."

"मले त काईच दिसलं नाई. डोळ्यात रगत होतं." खाली खड्डा आला, दोघं हलली. "तू शिकली हायेस. खोटं सांगतलं त ते वापस घेता येते का?"

ती काय उत्तर देते त्यावर तिच्या नवऱ्याचा उरलासुरला आधार अवलंबून होता. साक्षीला बाप एकटाच त्याच्या बाजूनं उभा होता. नाही म्हटलं असतं तरी म्हातारा विश्वास ठेवणार होता.

"येते," दिपाली म्हणाली. "पण मंग आपल्या बाजूनं कोणीच राहत नाई मामाजी. त्यायले शिक्षा होईन."

"हाव," तानबा म्हणाला. बाहेर कपाशीची पऱ्हाटी मागं पळत होती. "उद्या येजो माह्यासंगं ठाण्यात. मले एकट्याले सांगता नाई येनार."

मग त्यानं धोतराचा सोगा तोंडाला लावला. त्याचे खांदे हलायला लागले. दिपाली समुद्रपूर येईपर्यंत समोर पाहत राहिली, तिनं त्याच्याकडं मान वळवली नाही.