दुहेरी गाठ

मोहरीएवढे ते मोती थोरलीला आता बोटांनीच दिसायचे. सुईच्या टोकाला मोती लागला की बोट सांगायचं, हा गोल, हा चपटा, याचं भोक बुजलेलं. पण रंग? रंग काही बोटाला कळत नाही हो! पांढराशुभ्र कुठला आणि सायीसारखा पिवळट कुठला, हे तिला वर्षभर दिसत नव्हतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगितलं की संपलंच. डोळे गेलेल्या बाईला भरतकामाच्या खोलीत कोण बसू देणार?

शेजारी धाकटी जाऊ बसायची. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. धाकटीला हे काम थोरलीनंच शिकवलेलं. पण चार मोती ओवले की मागच्या बाजूला एक गाठ पुरते, हे काही तिच्या डोक्यात शिरलं नाही. ती दोन मारायची.

"दोरा काय झाडाला लागतो?" थोरली करवादायची.

"सुटले तर तुम्ही येणार आहात का मोती गोळा करायला?" धाकटी फणकारायची.

शिवाय हल्ली सगळ्या घरी निघाल्या तरी ही मागे रेंगाळायची. मालकिणीला लोणी लावायला, दुसरं काय!

आज नवरीच्या झग्याची गळपट्टी तपासायची होती. अख्खी पांढऱ्या मोत्यांची, थोरलीच्या हातची. मालकीणबाईंनी भिंग लावलं आणि थोरलीनं मनात देवाचं नाव घेतलं. रंग तिनं अंदाजपंचेच घातले होते. एक पिवळा मोती सापडायचा अवकाश, आयुष्यभराचं नाव मातीला मिळालं असतं.

"छान! सगळे एकसारखे पांढरे," मालकीणबाई म्हणाल्या. "अस्तर लावा आता."

थोरलीचा कानांवर विश्वास बसेना. देव पावला म्हणावं, तर देवाला भरतकाम कधी येत होतं? तिनं पट्टी उलटी केली आणि सवयीनं बोट फिरवलं. सपाट गाठी, आपल्याच. मग बोट अडखळलं. इथली गाठ फुगीर होती, दुहेरी. पुढे पुन्हा आपली, पुन्हा दुहेरी. पट्टीभर ठिकठिकाणी कुणीतरी तिचे चार-चार मोती उसवून दुसरे बसवले होते.

कुणीतरी कसलं डोंबलाचं!

तिला भडभडून आलं, आणि स्वतःचा रागही आला. आपण हिला बोल लावत राहिलो, आणि ही बया मागे थांबून आपलीच अब्रू राखत होती.

"अगं," ती हळूच म्हणाली, "अजून दुहेरीच मारतेस?"

धाकटीची सुई थांबली. "हाताला तीच सवय आहे, जाऊबाई."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

थोरलीनं पदरानं डोळे पुसले. मग आपली मोत्यांची वाटी उचलून धाकटीपुढे ठेवली.

"मला रंग दिसत नाहीत गं. तूच निवडून देत जा. उसवण्यात तुझी संध्याकाळ जाते."

धाकटीनं वाटी जवळ ओढली. "बरं, सरका तिकडे. उजेड अडवताय."

थोरली सरकली. मग अस्तर लावायला घेतलं, आणि पहिली गाठ तिनं दुहेरी मारली.