पोत्यातली जनावरं

त्या आठवड्यात सुलभाच्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे पुठ्ठ्याच्या नळ्या. तिचा नवरा निरंजन गावातल्या सिंधीपुऱ्यात कापडाच्या दुकानात कामाला होता. कापड ज्या नळ्यांवर गुंडाळून येतं, त्या रिकाम्या झाल्या की दुकानामागच्या बोळात फेकून दिल्या जायच्या. निरंजनने त्या उचलून आणल्या, अंगणात बसून करवतीने त्यांचे वीतभर तुकडे केले आणि प्रत्येकाच्या कडा पॉलिशपेपरने घासल्या. "पोरांच्या बोटाला लागायला नको," एवढंच तो म्हणाला.

गावाच्या लालबाग भागातल्या, हिंदी-मराठी मिसळून बोलणाऱ्या त्या शाळेत सुलभा केजीच्या मुलांना शिकवायची. शनिवारी शाळेचा बालमेळा होता आणि प्रत्येक वर्गाने काही ना काही हाताने बनवून मांडायचं ठरलं होतं. सुलभाने मुलांना गोल बसवलं आणि सांगितलं, "आपण जनावरं बनवायची. पण पुस्तकातली नाही, मोबाइलमधली नाही. आपण स्वतः पाहिलेली."

मग काय, वर्गाचा गोठा झाला. जवळच्या जसोंडी गावाहून ऑटोने येणाऱ्या हिमानीने घरची म्हैस बनवायला घेतली. नळीला भुरकट रंग दिला, खाली चार पाय चिकटवले आणि पुठ्ठ्याचं एकच शिंग लावलं. सुलभाने दुसरं शिंग कापून पुढे केलं तर हिमानीने मान हलवली. "दीदी, आमच्या भुरीचं एक शिंग तुटलंय. दुसरं लावलं तर ती भुरी नाही राहणार."

विपुलने पाल केली. त्याच्या घरी ट्यूबलाइटमागे राहते ती. नळी उभी चिरून चपटी केली, शेपूट लावली आणि ती भिंतीलाच चिकटवायची म्हणून हट्ट धरला. आणि ऋषिकेशने वाघ केला. पिवळ्या नळीवर काळे ठिपके.

"वाघाला पट्टे असतात ना रे?" सुलभाने विचारलं.

"माझ्या वाघाला ठिपके होते," ऋषिकेश ठामपणे म्हणाला. "मामाच्या केळीच्या बागेत. मामाने मला खांद्यावर घेतलं आणि टॉर्च मारला. वो भाग गया."

मागच्या वर्षी त्या बाजूला बिबट्या फिरत असल्याचं सुलभानेही ऐकलं होतं. पोराने खरंच पाहिला होता आणि जसा पाहिला तसाच नळीवर उतरवला होता. पट्ट्यांची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

शुक्रवारी मुख्याध्यापिका शारदा मॅडम वर्गात डोकावल्या. वाकडे पाय, गोंदाचे ओघळ, कुणाला एकच डोळा तर कुणाची शेपूट पोटाला. "छान, छान," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवली. त्या "छान"चा सूर सुलभाला खटकला. पण मेळ्याची गडबड होती. तिने सगळी जनावरं खिडकीखालच्या बाकावर वाळत ठेवली आणि ती घरी गेली.

शनिवारी सकाळी ती हॉलमध्ये आली आणि दारातच थबकली. केजीच्या टेबलावर जनावरं होती. देखणी जनावरं. एका मापाचे वाघ, एका मापाचे ससे, एका मापाच्या म्हशी. गुळगुळीत रंग, बाजारातले चिकटवायचे डोळे, लोकरीच्या शेपट्या. प्रत्येकासमोर सुबक अक्षरात पोरांची नावं. हिमानीच्या नावापुढे दोन शिंगांची म्हैस. ऋषिकेशच्या नावापुढे पट्ट्यांचा वाघ. विपुलच्या नावापुढे तर चक्क ससा!

टेबलापाशी कोकिळा उभी होती, वरच्या वर्गांची चित्रकलेची शिक्षिका. सुलभाला बघताच तिने मान खाली घातली.

"हे कुणी केलं?"

"ताई, मॅडमनी काल शाळा सुटल्यावर आम्हाला थांबवून घेतलं," कोकिळा पुटपुटली. "नेटवरून बघून बनवा म्हणाल्या. मी... मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल."

"आणि माझ्या पोरांची?"

कोकिळाने नुसतं मागच्या दाराकडे पाहिलं. सुलभा तशीच मागे धावली. पाण्याच्या टाकीपाशी कचऱ्याच्या ढिगाला टेकून खताचं एक जुनं पोतं उभं होतं. तोंडाशी भुरीचं एकुलतं शिंग दिसत होतं.

ती तडक शारदा मॅडमकडे गेली. मॅडम पाहुण्यांसाठी हारांची परडी बघत होत्या.

"मॅडम, मुलांच्या वस्तू पोत्यात भरल्या तुम्ही?"

"हळू बोला सुलभादीदी." मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. "अहो, पालक येणार, पाहुणे येणार, फोटो निघणार. समोर नवी शाळा उघडली आहे, त्यांचा मेळा पाहिलात ना? ते वाकडंतिकडं टेबलावर मांडलं तर लोग क्या बोलेंगे? यही सिखाते हो क्या, असं म्हणतील."

"हो, हेच शिकवतो, असं सांगा ना! पाच वर्षांची पोरं आहेत, वाकडंच बनवणार. त्यांनी बनवलंय, मॅडम."

"मग नावं त्यांचीच लावली आहेत की. मुलांचं कौतुकच होतंय ना? तुम्हाला नेमका त्रास कसला होतोय?"

सुलभाच्या मनात आलं: इतकी साधी गोष्ट, आणि ती समजावून कशी सांगायची? नाव लावलं आहे म्हणे! तेवढ्यात गेटपाशी गाडी थांबली, बँड वाजू लागला आणि मॅडम परडी घेऊन पुढे गेल्या.

सुलभा आपल्या वर्गाची ओळ घेऊन हॉलमध्ये आली. आतून ती नुसती धुमसत होती. आज गप्प बसावं, सोमवारी बोलावं, पोरांचा मेळा का बिघडवायचा, असं ती स्वतःला बजावत होती. पण टेबलापाशी पोचताच हिमानी थांबली.

"दीदी, ये मेरी नहीं है."

शेजारी तिची आई उभी होती, जसोंडीहून नवी साडी नेसून आलेली. तिने मुलीचा दंड दाबला. "गप ना वं. तुझंच नाव लिहेल आहे त्यावर."

"पण ही भुरी नाही! हिला दोन शिंगं आहेत!"

"चूप. साहेब येऊन राहिले."

पाहुणे खरोखरच केजीच्या टेबलापाशी आले होते. दत्तात्रयशेठ, गावातले कापडाचे व्यापारी. माणूस भला होता, लहान मुलं बघून हसणारा. त्यांनी पट्ट्यांचा वाघ हातात घेतला. "अरे वा! एकदम असली! कुणी बनवला हा?"

शारदा मॅडमनी ऋषिकेशला पुढे केलं. त्याने वाघाकडे पाहिलं, मग सुलभाकडे पाहिलं.

"बोल बेटा," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या आणि त्याच्या खांद्यावरचा हात किंचित दाबला. "मी बनवला. बोल."

"मी बनवला," ऋषिकेश म्हणाला.

टाळ्या वाजल्या. मोबाइल वर झाले. शेठजींनी त्याची पाठ थोपटली आणि बक्षिसाचा कंपास हातात दिला. पोराचा चेहरा मात्र असा झाला होता, जणू त्याने कुणाचं काही उचललं होतं आणि अजून कुणी पकडलं नव्हतं.

आता मात्र सुलभाचा तोल गेला.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "त्याने नाही बनवला. शेठजी, या टेबलावरचं एकही जनावर या मुलांनी बनवलेलं नाही."

शारदा मॅडम हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "सुलभादीदी, नंतर बोलू."

"नंतर कशाला? पोराला खोटं बोलायला सर्वांसमोर लावलंत, तर खरंही सर्वांसमोरच होऊ द्या. ही पोरं आठवडाभर गोंदात हात बरबटून बसली होती. त्यांनी बनवलेलं काल कचऱ्याच्या पोत्यात भरलं. आणि मोठ्यांनी बनवलेल्या वस्तूंवर त्यांची नावं चिकटवली. पाच वर्षांच्या मुलाला आज आपण काय शिकवलं? की तू जे करतोस ते लपवण्यासारखं आहे, आणि दुसऱ्याचं आपलं म्हटलं की टाळ्या पडतात! याला कौतुक म्हणायचं?"

ती मागच्या दाराने गेली आणि पोतं ओढत घेऊन आली. हॉलच्या मधोमध सतरंजीवर बसून एकेक जनावर बाहेर काढू लागली. कुणाचा पाय निखळला होता, कुणाचं डोकं दबलं होतं. ते बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दुःखाचं नव्हे, रागाचं. पोरं मात्र ओळ मोडून धावली. "माझी बकरी!" "ते कबूतर माझं!" विपुलची पाल पार चेपली होती. सुलभा त्याला काही सांगणार इतक्यात तो म्हणाला, "पाल तर चपटीच असते, दीदी," आणि तिला घेऊन भिंतीकडे गेला.

हिमानीने भुरी छातीशी धरली. तिची आई जवळ आली, वाकून बघू लागली आणि एकदम हसली. "अगं बाई! ही तर खरीच भुरी. शिंग भी तुटेल आहे!" मग तिने टेबलावरची दोन शिंगांची म्हैस उचलली, तिच्यापुढची नावाची चिठ्ठी काढली आणि म्हैस शारदा मॅडमच्या हातात दिली. "हे तुमचं तुम्ही ठेवा, मॅडम. मले माझ्या पोरीचंच पाहिजे."

सगळे काही तिच्यासारखे नव्हते. विपुलच्या वडिलांनी ससाच उचलला. "फोटोत हेच बरं दिसेल," म्हणाले, आणि "भरल्या कार्यक्रमात एवढा तमाशा करायची काय गरज होती?" हेही सुलभाला ऐकू जाईल असं म्हणाले. दोन-चार आयांनी माना डोलावल्या. शेठजी ओशाळून चहाकडे वळले. मेळा उरकला, पण त्यात जीव राहिला नाही.

सोमवारी शारदा मॅडमनी सुलभाला ऑफिसात बोलावलं. "तुम्ही शाळेची इज्जत घालवली. प्रार्थनेनंतर सर्वांसमोर माफी मागा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

प्रार्थना संपल्यावर सुलभा ओट्यावरच्या माइकपाशी गेली. तिने मॅडमकडे पाहिलं नाही, पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या केजीकडे पाहिलं.

"मुलांनो, मला माफी मागायची आहे. तुमची. तुम्ही इतक्या मेहनतीने बनवलेली जनावरं कुणीतरी पोत्यात टाकली आणि ती सांभाळणं माझं काम होतं. ते मला जमलं नाही. पुन्हा असं होऊ देणार नाही."

एवढं बोलून ती खाली उतरली. शारदा मॅडमचा चेहरा लालबुंद झाला होता, पण माफी तर मागून झाली होती, आणि मागायची कुणाची हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं. शिवाय अर्ध्या वर्षात केजीला दुसरी शिक्षिका कुठून आणणार? त्यांनी सुलभाला काढलं नाही. फक्त तिच्याशी बोलणं बंद केलं. निरोप सगळे कोकिळाकडून येऊ लागले.

कोकिळा दुपारी डबा घेऊन वर्गात आली. "ताई, मी नाही म्हणायला हवं होतं," ती म्हणाली.

"हवं होतं," सुलभा म्हणाली. तिला गोड बोलून विषय मिटवायचा नव्हता. मग तिने डबा उघडला आणि कोकिळाला बसायला जागा दिली.

पण सुलभाचा खरा संताप त्याच्या दुसऱ्या दिवशी उसळला. उरलेल्या नळ्या तिने पुन्हा मुलांपुढे ठेवल्या होत्या. सगळी कामाला लागली. ऋषिकेश मात्र हात मांडीवर ठेवून बसला होता.

"काय झालं रे? बनव ना काहीतरी."

"मुझसे नहीं बनता," तो म्हणाला. "कोकिळादीदी से बनवाओ. ती चांगलं बनवते. मग बक्षीस मिळतं."

सुलभाला क्षणभर वाटलं, ऑफिसात जावं, टेबलावर हात आपटावा आणि म्हणावं, ऐका, या, तुमच्या मेळ्याची कमाई ऐका! ज्या पोराने अंधारात बिबट्या पाहिला आणि त्याचे ठिपके कुणी पट्टे म्हटलं तरी सोडले नाहीत, तो पोरगा तीन-चार दिवसांत स्वतःच्या हातांना नालायक ठरवून बसला होता. एका दाबलेल्या खांद्याने हे केलं होतं.

ती गेली नाही. ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली आणि एक नळी उचलली.

"ऋषिकेश, मला एक सांग. त्या बागेत तो पळाला ना, तेव्हा त्याची शेपूट कशी होती? वर होती की खाली?"

बाजूला हिमानी भुरीसाठी पारडू बनवत होती, तिने गोंदाची वाटी ऋषिकेशकडे सरकवली.

"वर नव्हती," तो वाटीकडे बघत म्हणाला. "वाकडी होती. अशी." त्याने बोटाने हवेत गळासारखा आकडा काढला.

"अशी?" सुलभाने पुठ्ठा चुकीचा वाकवून दाखवला.

"नाही! अशी नाही, दीदी," तो वैतागून म्हणाला आणि तिच्या हातातला पुठ्ठा ओढून घेतला.