खोबरेल तेल लावलेली मोटरसायकल

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. मी कॅनडातल्या सस्काटून शहरात राहते, आणि इथे माझ्यासारखीचे निम्मे आयुष्य झोपेतच जाते. ऑक्टोबरात गॅरेजचे दार लागले की एप्रिलपर्यंत कोणी हाक मारत नाही. पहिल्या हिवाळ्यात मला फार वाईट वाटले होते. पुढे सवय झाली. थंडीत लोखंडाला काही वाटत नाही, एवढाच काय तो फायदा.

माझा जन्म १९८१ साली जपानमधल्या एका कारखान्यात झाला. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर आणि रंग गडद लाल. तरुणपणी मी दोन-तीन मालकांकडे नांदले. शेवटच्याने मला एका धान्याच्या कोठारात उभी केली आणि तो मला साफ विसरला. तिथून २००३ साली ज्ञानदेवांनी मला घरी आणले. ते मूळचे नागपूरचे, इथे पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होते. माझी सीट उंदरांनी कुरतडलेली पाहून त्यांच्या पत्नीने, पद्माने, दारातूनच विचारले, "अहो, हे काय भंगार उचलून आणलं?"

"भंगार नाही गं," ते म्हणाले. "हिचा श्वास तेवढा कोंडला आहे. पाहशील तू."

त्यांचे निदान अचूक होते. मित्रांनो, आम्हालाही नाक असते. एअर फिल्टर म्हणजे स्पंजाची एक जाड वडी. तिला तेलाचा हात दिला की हवेतली धूळ तिलाच चिकटते, आत जात नाही. ती स्वच्छ हवा पुढे कार्बोरेटरमध्ये जाते आणि तिथे तिच्यात पेट्रोल मिसळते. हे पेट्रोल पितळेच्या जेटमधून येते, आणि जेटचे भोक सुईच्या नेढ्याहूनही बारीक. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की आतल्या पेट्रोलचा गोंद होतो, भोक बुजते, आणि मग कितीही बटण दाबा, आम्ही ढिम्म.

दर वसंतात ज्ञानदेव माझी ही सेवा करत. चारही कार्बोरेटर उघडून एकेक जेट खिडकीच्या उजेडात धरत आणि एक डोळा मिटून आरपार पाहत. फिल्टर धुण्याचे काम पद्माकडे असे. "पिळू नको, दाब नुसता," ते सांगत. "रेशमी साड्या धुतल्या आहेत मी, मला नका शिकवू," असे तिचे उत्तर ठरलेले. मग छोट्या बाटलीतले खास लाल तेल फिल्टरला लागे, आणि आम्ही तिघे नदीकाठच्या रस्त्याने निघत. ते पुढे, ती मागे, तिची ओढणी जॅकेटच्या आत खोचलेली. त्यांची लेक कोमल तेव्हा शाळेत होती. मैत्रिणींसमोर मी दिसले की ती तोंड फिरवी. चालायचेच. म्हाताऱ्यांचे कौतुक शेजाऱ्यांना जास्त असते. सिग्नलला थांबलो की अनोळखी माणसे काच खाली करून मला "ब्यूटिफुल!" म्हणत.

२०१०च्या हिवाळ्यात ज्ञानदेवांना कर्करोग निघाला.

पुढच्या वसंतात ते गॅरेजमध्ये आले ते काठी धरून. एकदा तरी पद्माला मागे बसवून नदीकाठी जायचे, एवढे एकच त्यांनी मनात धरले होते. तिला ते कळत होते. म्हणून दवाखान्याच्या धावपळीतूनही तिने फिल्टर धुतला. तेलाची बाटली मात्र रिकामी निघाली. गाडी लवकर तयार व्हावी म्हणून ती वॉशरूममध्ये गेली, डोक्याला लावायचे खोबरेल घेऊन आली आणि त्याने फिल्टर चांगला चोपडला.

खोबरेल थंडीत गोठते हे नागपूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण ज्या घरात माणूस गोठत चालला आहे, तिथे तेलाचे कोण लक्षात ठेवणार?

बुद्धपौर्णिमेला पद्मा आणि कोमल कार्यक्रमासाठी खिरीचे पातेले घेऊन गेल्या. घरात ज्ञानदेव एकटे. त्यांनी स्टूल ओढले आणि माझी फिल्टरची पेटी उघडली. आत पांढराशुभ्र थर बसला होता. त्यांनी तो हुंगला आणि किती तरी दिवसांनी ते मोठ्याने हसले. "वा गं पद्मे," ते म्हणाले, "गाडीची चंपी केलीस की!" मग त्यांनी कपाटातून नवा फिल्टर काढला, पद्माला ठाऊक नसलेली लाल तेलाची नवी बाटली फोडली आणि सगळे नीट बसवले. बटण दाबताच मी सुरू झाले. माझा आवाज इतका स्वच्छ लागला की मलाच नवल वाटले.

मग त्यांनी मला स्टँडवरून उतरवले. माझे वजन त्यांच्या अंगावर आले आणि त्यांचे पाय लटपटले. मी डावीकडे कलले. कोपऱ्यातल्या डीप फ्रीझरला माझे हँडल धडकले म्हणून आम्ही दोघे पडलो नाही. फ्रीझरच्या पत्र्याला पोचा पडला. कपाळ माझ्या टाकीवर टेकून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. कसेबसे त्यांनी मला सरळ केले आणि किल्ली फिरवून बंद केले.

संध्याकाळी पद्माने विचारले, "मग, उद्या जायचं का?"

"सुरूच होत नाही गं," ते म्हणाले. "म्हातारी झाली आता. राहू दे."

मित्रांनो, माझ्यावर हा आळ आला आणि मी तो घेतला. त्यांनी माझ्यासाठी एवढे केले होते, मी एवढे करणे काही जड नव्हते. सप्टेंबरात त्यांनी स्टुलावर बसून माझ्या कार्बोरेटरांतले सगळे पेट्रोल काढून टाकले, म्हणजे गोंद होणार नाही. जानेवारीत ते गेले.

पद्मा रडली नाही. भेटायला आलेल्या मंडळींना ती चहा देत होती, जयभीम घेत होती, फावड्याने अंगणातले बर्फ काढत होती. एका सकाळी ती खोबरेलाची बाटली हातात घेऊन गॅरेजमध्ये आली. खिडकीत राहून तेल पांढरे दगड झाले होते. तिने बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मीच केलं," ती म्हणाली. "एक इच्छा होती त्यांची. तीही मीच घालवली."

मला ओरडून सांगायचे होते. पण किल्लीशिवाय आम्हाला तोंड नसते.

मे महिन्यात कोमलने माझी जाहिरात दिली, 'चालत नाही' असे लिहून. शनिवारी दुपारी एक माणूस ट्रक घेऊन येणार होता. एकदा ट्रकवर चढले की संपले. पद्मा उरलेले आयुष्य तो दगड छातीवर घेऊन जगणार, आणि खरे काय ते ठाऊक असलेली मी कुठल्या तरी भंगारात. त्या सकाळी पद्मा पाने-पेचकस घेऊन आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"मॉम, व्हॉट आर यू डूइंग? तो अ‍ॅज इज, आहे तशीच घेतोय," कोमल म्हणाली.

"मला ती पेटी उघडून पाहायची आहे."

"इट्स नॉट ऑन यू, मॉम. तुझी चूक नाही. कॅन्सर होता बाबांना."

"ठाऊक आहे. तरी पाहायचं आहे."

पेटी उघडली. पांढरे काही नव्हते. काळाभोर नवा फिल्टर, त्यावर लाल तेलाचा ओलावा. पद्माने तो हातात फिरवून पाहिला. "हा माझा नाही," ती म्हणाली. मग तिने कार्बोरेटरांच्या तळाच्या वाट्या उघडल्या. कोरड्या ठणठणीत. एक जेट काढून तिने खिडकीच्या उजेडात धरला आणि एक डोळा मिटला. आरपार दिसत होते.

कोमलने बॅटरी चार्ज करून आणली आणि ताजे पेट्रोल भरले. सगळे परत बसवून झाल्यावर पद्माने बटण दाबले. दोनदा खोकून मी सुरू झाले.

"मग बाबा का म्हणाले सुरू होत नाही?" कोमलने विचारले.

पद्माने गॅरेजचे दार उघडले. धूर बाहेर जावा म्हणून तिने मला दाराकडे न्यायचे ठरवले आणि स्टँडवरून उतरवले. मी डावीकडे कलले. "मॉम!" कोमलने धावत येऊन मागून धरले, तोवर माझे हँडल फ्रीझरला टेकले होते, बरोबर त्या जुन्या पोच्यात.

तो पोचा आपल्या फावड्याने पडला, असे पद्मा वर्षभर समजत होती. तिने त्यावर बोट फिरवले.

"एवढी जड आहे ही," ती म्हणाली. "आणि ते एकटेच होते गं."

मग तिने कपाळ माझ्या टाकीवर टेकले. मी चालूच होते, म्हणून कोमलला ऐकू आले नाही. पण टाकी ओली झाली ते मला कळले.

मला विकले की ठेवले, हे महत्त्वाचे नाही. मित्रांनो, एवढेच मागते. हिवाळ्याआधी आमचे पेट्रोल काढा, फिल्टर धुवा, खोबरेल मात्र स्वतःच्या डोक्याला लावा. आणि घरातले कोणी म्हणाले की गाडी सुरू होत नाही, तर गाडीकडे मागाहून पाहा. आधी म्हणणाऱ्याचा हात हातात घ्या.