भुऱ्याची पेटी

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. नागपुरात आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी हातमाग होते. ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, तयार झाला की तो सकाळी गल्लीतच बांबूंवर लांब पसरायचा, त्याला तांदळाच्या पिठाची खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंचा फिरवून सूत मोकळं करायचं. त्या सकाळी घरातलं कोणीच रिकामं नसे. रिकामा एकटा आमचा कुत्रा, भुऱ्या.

तो एकदा बांधलेली दोरी चावून बाहेर आला आणि त्यानं ओला ताणा चावला. माझे सासरे, बळीरामजी, दिवसभर तुटलेले धागे जोडत बसले. संध्याकाळी म्हणाले, "पुढल्या ताण्याआधी हे कुत्रं घरात दिसलं नाही पायजे. रुपरावचा ट्रक वाडीले जाते. तिकडे गोदामापाशी सोडून देईल."

भुऱ्या नळावरून माझ्यामागे आला तेव्हा पिल्लू होता; तेव्हापासून मीच त्याला वाढवलं होतं. शहराबाहेरच्या वाडीत, ट्रकांच्या त्या गर्दीत तो किती दिवस टिकला असता? मी म्हटलं, "मामाजी, त्या दिवशी तो ताण्याले तोंड लावनार नाही. मी पाह्यते."

"अन् लावलं तर?"

"तर मीच त्याले ट्रकात बसवून देईन."

बोलून तर बसले. मग त्याच्यावर नजर ठेवायला लागले. एक गोष्ट लगेच ध्यानात आली. खळ उरली की माझी सासू, बायजाबाई, ते भांडं भुऱ्यापुढे सरकवायची. कुत्र्यानं चाटलं की भांडं घासायला सोपं जातं, म्हणून आमच्याकडे सगळ्यांचाच हा रिवाज. ज्या वासाचं आपण त्याला जेवण देत होतो, तोच वास गल्लीभर पसरायचा, आणि तेव्हाच त्याला आपण बांधून ठेवायचो.

"आत्याबाई, आजपासून खळीचं भांडं त्याले देऊ नका."

"मंग घासंल कोन? तुह्या माहेरचे येतीन काय?"

"मी घासीन."

"घास बाई. कुत्र्यापायी नखं झिजव." सासूनं शेजारच्या तुळसाबाईकडे पाहून तोंड वाकडं केलं.

खळ बंद केली तरी त्याचं रिकामपण उरलंच होतं; त्याला काहीतरी उद्योग हवा होता. फळवाल्याकडून संत्र्याची लाकडी पेटी मागून आणली. तिच्यात भाताचं वाळलेलं तणस भरलं, आणि भाकरीचे तुकडे पळसाच्या पानांत गुंडाळून तणसात खाली दडवले. भुऱ्यानं नाक घातलं, शिंकला आणि लांब जाऊन बसला. पेटीला संत्र्याच्या सालीचा वास होता. सासू हसून हसून बेजार.

"तुह्या कुत्र्याले खेळ नाही पसंत वं. त्याले सिनेमा दाखव."

मी पेटी धुतली, उन्हात टाकली, तणस बदललं. तरीही तो जवळ येईना, म्हणून पहिले तुकडे वरच ठेवले. मग अर्धे झाकले. मग पुरते दडवले. काही दिवसांनी तो पंजानं तणस उपसायला शिकला; पान दोन पायांत धरून दातानं अलगद सोडवायचा. एवढं झालं की अंगणात पाय ताणून झोपायचा. दोरी चावणं आपोआप थांबलं. अंगणभर कचरा व्हायचा, तो मी मुकाट्यानं झाडायची.

पुढचा ताणा लागला त्या सकाळी सासऱ्यांनी दोरी पुढे केली. मी घेतली नाही.

"बांधला की तो चिडते, मामाजी. मोकळाच राहू द्या."

"सूनबाई, लग्नसराईची साडी आहे ह्या ताण्यावर."

"माहीत आहे मले."

त्यांनी दोरी खांबाला टांगली आणि गेले. मी पेटी भरून अंगणात ठेवली आणि कुंचा घेऊन ताण्यापाशी उभी राहिले. गल्लीच्या टोकाला रुपराव ट्रक लावून चहा पीत होता. सासऱ्यांनीच त्याला थांबवलं असणार.

अर्ध्या ताण्याला खळ लागली असेल तेव्हा भुऱ्या दारात आला. पेटीतले तुकडे संपले होते. तो सरळ ताण्याखाली गेला आणि नाक वर करून हुंगू लागला. तुळसाबाईनं काठी उचलली.

"मारू नका," मी हळूच म्हटलं. काठी दिसली असती तर तो सुतातूनच पळाला असता. सासऱ्यांचा कुंचा हवेतच थांबला होता. मी हातातलं काम ठेवलं, त्याला हाक न मारता अंगणात गेले आणि पेटीतलं उरलेलं तणस दोन्ही हातांनी सळसळ हलवलं. पेटीत खायला काहीच नव्हतं. घाईघाईनं शिळी भाकर कुस्करून आत टाकली.

बाहेर काही ऐकू येईना. मागे वळून पाहायचा धीर नव्हता; मी तणस हलवत राहिले. मग माझ्या कोपराखालून ओलं नाक आत शिरलं आणि भुऱ्या उपसायला लागला.

मी दारात आले. ताणा होता तसाच होता. सासरे पुन्हा कुंचा फिरवत होते. मान वर न करताच त्यांनी हाक दिली, "रुपराव, तू जाय गा. उशीर होऊन राहिला तुले."

ट्रक निघून गेला. थोड्या वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"एक पेटी पुरत नाही त्याले. पुढल्या खेपेले दोन ठेव. फळवाल्याले मी सांगतो."